आज ग्रँड पॅलेस बंद आहे

बँकॉकला जाणार असाल तर हे वाक्य आधीच कानावर घालून ठेवतो: 'आज ग्रँड पॅलेस बंद आहे.' आम्हाला ते ऐकवलं गेलं सकाळी सव्वादहाला, राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीला लागून, आणि ते आम्हाला १४,५०० बाथना पडलं. तेव्हाच्या दराने छत्तीस हजार रुपयांच्या वर.

मी बँकेत ३१ वर्षं काढली. शेवटची सहा वर्षं तर काउंटरवर बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांना 'काका, ओटीपी कुणाला सांगू नका' म्हणण्यात गेली. त्यामुळे हा किस्सा नातेवाइकांत सांगायलाच दीड वर्ष लागलं.

साथोर्नच्या धक्क्यावरून केशरी झेंड्याची बोट पकडून आम्ही दोघं 'ता चांग' नावाच्या धक्क्यावर उतरलो. बोटीचं तिकीट १६ बाथ, वारा मस्त, ही खुशीत. धक्क्यावरून बाहेर पडलं की राजवाड्याची भिंत दिसतेच. तिच्या कडेने चालत होतो तेवढ्यात एक गृहस्थ समोर आले. इस्त्रीचा फिका निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. पट्टीचं खालचं टोक शर्टाच्या खिशात होतं, म्हणजे ओळखपत्र काही दिसलं नाही. हे आज आठवतं, तेव्हा दिसूनही दिसलं नाही.

त्याने काही विकायला काढलं नाही. उलट हिच्या कुडत्याकडे बघून म्हणाला, कपडे अगदी योग्य आहेत, खांदे-गुडघे झाकलेले हवेतच. (हे खरं आहे. उघड्या खांद्यांनी आत सोडत नाहीत.) 'पण आज भिक्खूंची प्रार्थना आहे, परदेशी लोकांना दीडनंतर प्रवेश.' मग माझ्याच हातातल्या नकाशावर त्याने पेनाने तीन गोल काढले: उभा बुद्ध, एक छोटं देऊळ, आणि 'एक्स्पोर्ट सेंटर'. हात दाखवून टुकटुकही थांबवली. तिन्ही ठिकाणं, ४० बाथ. शंभर रुपयांत नाशिकरोडहून पंचवटीलाही कुणी नेत नाही, आणि हा अर्धं बँकॉक फिरवणार होता. तिथेच माझं डोकं चालायला हवं होतं. पण स्वस्त मिळतंय म्हटल्यावर आपल्याला शंका येत नाही, अभिमान वाटतो.

उभा बुद्ध खराच बघण्यासारखा आहे. 'वात' म्हणजे देऊळ; वात इंथराविहानमधली ही मूर्ती ३२ मीटर उंच, पावलांशी उभं राहून वर बघितलं की टोपी पडते. फसवणाऱ्यांनी वाटेत अस्सल गोष्ट दाखवल्यामुळे आमचा विश्वास आणखी बसला.

खरी मेख दुसऱ्या ठिकाणी होती. गल्लीतल्या त्या छोट्या देवळाच्या पायरीवर एक माणूस बुटाची नाडी बांधत बसला होता. शाळेत शिक्षक आहे म्हणाला. आम्ही काही विचारायच्या आत तोच म्हणाला, 'राजवाडा आज दीडनंतर ना?' बस. एका अनोळखी माणसाचं बोलणं दुसऱ्या अनोळखी माणसाने खरं ठरवलं. या दोघांचा एकमेकांशी संबंध असेल हे मनातही आलं नाही. मग बोलता बोलता त्याने सांगितलं की मुलीच्या लग्नासाठी काल माणकं घेतली, सरकारी करमाफीचा आठवडा आहे, आज शेवटचा दिवस. 'तुमच्याकडे दुप्पट भाव येईल.' टुकटुकवाला लांब झाडाखाली उभा होता, इकडे बघतही नव्हता.

खोटं पचतं, कारण ते खऱ्याला टेकवून ठेवलेलं असतं. थायलंड माणिक-नीलमच्या व्यापारासाठी जगभर ओळखला जातो, चांथाबुरीचा रत्नबाजार प्रसिद्ध आहे, हे मला वाचून माहीत होतं. त्या अर्धवट माहितीनेच घात केला. शिवाय आमच्या घरचं एक कारण होतं. हिच्या पत्रिकेत रवी कमजोर, माणिक घाला असं एका ज्योतिषाने वीस वर्षांपूर्वी सांगितलेलं, आणि मी दर दिवाळीला 'पुढच्या वर्षी' म्हणत आलेलो.

'एक्स्पोर्ट सेंटर' म्हणजे रत्नांचं दुकान निघालं. आत एसी, गवती चहाचं थंडगार सरबत, काळ्या मखमलीवर अंगठी. विकणारी मुलगी इतकी अदबीने बोलत होती की घासाघीस करायलाच लाज वाटली. १८,००० वरून ती स्वतःच १४,५०० वर आली. चकचकीत होलोग्रामचं प्रमाणपत्र दिलं. मी कार्ड काढलं, पिन टाकला. बाहेर आलो तर टुकटुकवाला एक कुपन घडी करून खिशात घालत होता. पेट्रोलचं कुपन, त्यानेच हसत दाखवलं. दुकानात गिऱ्हाईक आणलं की मिळतं. पुढे शिंप्याच्या दुकानातही नेलं, सुटाचं माप घ्यायला. तिथे मात्र मी नको म्हणालो, आणि कसा सावध राहिलो म्हणून स्वतःवर खूश झालो!

राजवाड्याच्या दारात पोहोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. दाराशी मोठा फलक: रोज उघडा, साडेआठ ते साडेतीन. आतून लोकांचा लोंढा बाहेर पडत होता, हातात सकाळची तिकिटं. ही त्या फलकाकडे बघत राहिली. काही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

हॉटेलातल्या मुलाला सगळं सांगितलं. त्याने पहिला प्रश्न केला, 'काही खरेदी केलंत?' पर्यटक पोलिसांचा ११५५ नंबरही त्याने लिहून दिला. मी फोन केला नाही. पावती हातात होती, एक पूर्ण दिवस हातात होता, पण इंग्रजीतून स्वतःचा बावळटपणा सांगायचा, या विचारानेच जीभ उचलेना. तुमच्यावर वेळ आली तर लाज बाजूला ठेवा आणि तिथे असतानाच फोन करा. परत आल्यावर मी कार्डाची तक्रार केली, तर पिन तुम्हीच टाकला, माल तुम्हाला मिळाला, असं उत्तर आलं. समोर मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी विमान रात्रीचं होतं. साडेआठच्या आधीच भिंतीपाशी हजर. वेगळा माणूस, तशीच इस्त्री. 'क्लोज्ड टुडे.' ही न थांबता मराठीत म्हणाली, 'असू दे हो बंद, आम्ही बंदच बघायला आलोय,' आणि चालत राहिली. शंभर पावलांवर दार सताड उघडं. तिकीट ५००.

आत गेल्यावर कालचा राग जरा उतरला. थायलंडचा राजा 'पहिला राम' याने १७८२मध्ये बांधायला घेतलेला हा राजवाडा. ओवरीच्या भिंतीवर १७८ चित्रांत त्यांचं रामायण, रामाकिएन. पांढराशुभ्र हनुमान पाहून हात जोडले, मग कळलं की त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, समुद्रातल्या रावणकन्येशी त्याचं जुळतं. हिला ते अजिबात आवडलं नाही. आतला 'पाचूचा बुद्ध' जेमतेम ६६ सेंटिमीटरचा, आणि तो पाचूचा नाहीच, दुसऱ्या हिरव्या दगडाचा आहे. 'घ्या, इथेही,' ही म्हणाली, आणि आम्ही दोघं त्या प्रवासात पहिल्यांदा खळखळून हसलो. शेजारच्या वात फोमधला ४६ मीटरचा पहुडलेला बुद्ध घाईघाईत पाहिला. वात अरुण राहिलं ते राहिलंच.

नाशिकला सराफाने अंगठी भिंगाखाली धरली, दिव्यात फिरवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. माणकाच्या आत बारीक गोल बुडबुडे, आणि वळवताना एक निळी चमक. 'खडा खरा आहे साहेब,' तो म्हणाला, 'पण तडकलेला. भेगांत काच भरली आहे. दोन-तीन हजारांच्या वर नाही.' तपासण्याचे पैसे त्याने घेतले नाहीत, ते जास्त लागलं.

अंगठी कपाटात आहे. हिने ती एकदाच घातली, पुतणीच्या मंगळागौरीला. चुलत जावेने हात हातात घेऊन विचारलं, 'खरा आहे का गं?'

'खडा खरा आहे,' ही म्हणाली.