घाटवाटांवर एकटीची सायकल आणि तंबू: तीन ऋतूंच्या वापरानंतर

क्रोमोली स्टीलची टूरिंग सायकल, मागे कॅरिअर, त्याच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या दोन पॅनिअर बॅगा, हँडलला एक पिशवी, एका माणसापुरता तंबू, घडीची फोमची चटई आणि मुठीत मावेल एवढा गॅसचा स्टोव्ह. मागच्या जूनपासून एवढा संसार लादून मी मुळशी, वेल्हे आणि भोर या पट्ट्यात एकटीच हिंडतेय. पाऊस झाला, थंडी झाली, आता उन्हाचा कडाका चालू आहे. कुठली वस्तू खरंच कामाची आणि कुठली नुसती मिरवायची, हे आता सांगायला हरकत नाही.

आधी गिअर. दुकानात सायकलचं वजन सांगतात, ब्रेक दाखवतात, रंग तर दाखवतातच. सगळ्यात हलक्या गिअरला किती दात, हे मात्र आपल्यालाच विचारावं लागतं. माझ्या सायकलला पुढे ४४, ३२ आणि २२ दातांची तीन चक्रं आणि मागे ११ ते ३४ दातांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चक्रांचा संच आहे. सगळ्यात हलक्या जोडीवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.४ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तरी वेग ताशी पाच किलोमीटर. रस्त्यानं जाणारी म्हैससुद्धा बरोबरीनं चालते. पण उतरून ढकलावं लागत नाही. पानशेत रस्त्यावरून रांजण्याला वळून पाबे घाट चढायचा आणि वेल्ह्यात उतरायचं, या वाटेवर हे फार जाणवतं. रोड बाईकवाले, म्हणजे हलक्या, बारीक टायरच्या सायकलींवरचे मित्र पुढे ३४ आणि मागे २८ दातांवर सिंहगड चढतात आणि माझ्या २२ दातांना हसतात. १४ किलोंच्या सायकलवर सामान आणि पाणी मिळून आणखी १५ किलो लादून पाबे चढून यावं, मग हसावं. गुडघे हल्ली बदलून मिळतात, पण तो खर्च कॅसेटपेक्षा बराच जास्त येतो.

सगळं वजन मागच्या कॅरिअरवर टाकलं की तीव्र चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि सायकल डुलायला लागते. म्हणून तंबू हँडलच्या पिशवीत आणि पाणी फ्रेमवर. कॅरिअरचे बोल्ट खडीच्या रस्त्यावर सैल होतात, तेव्हा रोज सकाळी ॲलन की फिरवायची.

आता तंबू. त्यावरच मला जास्त बोलायचंय.

माझा तंबू एकमेकींना छेदणाऱ्या दोन काठ्यांवर स्वतःच्या बळावर उभा राहतो. याच वजनात खुंट्या आणि ताणलेल्या दोऱ्यांवर उभे राहणारे तंबू जास्त ऐसपैस मिळतात, आणि परदेशी व्हिडिओंमध्ये त्यांचंच कौतुक असतं. तिकडे हिरवळ असते. आपला सह्याद्री बेसाल्टचा. सड्यावर वीतभर माती, खाली कातळ. खुंटी दोन बोटं आत जाते आणि वाकते. पण खरं कारण कातळ नाही, माणसं आहेत. एकटी बाई संध्याकाळी सायकलवरून गावात आली की पहिला प्रश्न ठरलेला: “ताई, एकट्याच? मालक कुठायत?” मालक कोथरूडला आहेत, असं सांगितलं की दुसरं वाक्य येतं, “रानात नका झोपू बाई. आमच्या अंगणात टाका तुमचं ते घर.” कधी देवळाचा सभामंडप, कधी शाळेचा व्हरांडा, कधी कुणाची पडवी. शेणानं सारवलेल्या अंगणात खुंट्या ठोकणार? सभामंडपाच्या फरशीत? तिथं मी वरचं कापड लावतच नाही. नुसती आतली जाळी उभी केली की मच्छरदाणी झाली, आणि कपडे बदलायला आडोसा झाला. तंबू विकणाऱ्याला हा उपयोग सुचलाही नसेल.

वारं असेल तर मात्र असा तंबूही आपोआप टिकत नाही. केळदच्या पुढे मढे घाटाचा माथा आहे. तानाजी मालुसऱ्यांचं पार्थिव याच वाटेनं उमरठला नेलं, असं सांगतात. कोकणातून वर येणारं वारं तिथं थेट अंगावर येतं. खुंट्यांच्या जागी दोऱ्यांना डोक्याएवढे दगड बांधायचे आणि बॅगा आत कोपऱ्यांत ठेवायच्या, मग कापड नुसतं फडफडत राहतं.

दुसरी अडचण दवाची. थंडीत भाटघरच्या पाण्याकाठी झोपलं की पहाटे बाहेरचं कापड आतून ठिबकतं. धरण १९२८चं, पाणी लांबवर पसरलेलं आणि काठ सपाट, त्यामुळे मोह होतोच. पण काठापासून थोडं वर, झाडाखाली तंबू लावला की निम्मा त्रास कमी होतो. ऐन पावसात ताम्हिणीच्या बाजूला तर मी तंबू उघडतच नाही. तिथं अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करायचा नसतो. आणि तो पाऊस कुठल्याही कापडाच्या आवाक्यातला नाही. तेव्हा सरळ छप्पर बघायचं.

बॅगा तोंड गुंडाळून बंद करायच्या प्रकारातल्या आहेत. पाणी थेंबभर आत गेलं नाही, हे मान्य. मात्र एका बॅगेची प्लास्टिकची कडी खडीच्या रस्त्यावर तुटली. कंपनीचं नाव घेत नाही. मेलला उत्तर आलं नाही एवढं सांगते. वेल्ह्यातल्या पंक्चरवाल्यानं जुन्या ट्यूबची पट्टी कापून करकचून बांधून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि ती बॅग अजून त्याच पट्टीवर चालू आहे.

त्याच दुकानातलं आणखी एक. बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व असेल तर गावातला पंप त्याला लागत नाही. मोटरसायकलसारख्या व्हॉल्वच्या ट्यूब घ्याव्यात, किंवा प्रेस्टावर बसवली की साधा पंप लागतो अशी पितळेची छोटी टोपी जवळ ठेवावी. ती फार स्वस्त मिळते.

ब्रेक तारेवरचे डिस्क आहेत. ते तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिकइतके मऊ नाहीत, पण तार कुठेही बदलता येते. पावसाळ्यात चिखलाची कच बसून रेझिनचे पॅड भराभर झिजले. वरंध घाट उतरताना लिव्हर हँडलला टेकायला लागला, तेव्हा वाटेत थांबून तार ताणून घेतली आणि पुण्यात आल्यावर धातूमिश्रित पॅड बसवले. ओले असले की ते किंचाळतात, पण टिकतात.

स्टोव्हबद्दल माझं मत पार बदललं. पाणी झटपट उकळतो, तक्रार नाही. पण फेब्रुवारीनंतर डोंगरातलं गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीनं वणवा लागेल, त्यामुळे उघड्यावर तो मी पेटवत नाही. आणि अंगणात झोपणाऱ्या पाहुणीला स्वतःचा चहा करू देणारं घर मला अजून भेटलेलं नाही. आता स्टोव्ह आणि गॅसचा डबा घरीच ठेवते. त्या जागेत दोन लिटर जास्तीचं पाणी आणि यजमानांसाठी चितळ्यांची बाकरवडी बसते.