शाईतली कळलावी: नऊ महिन्यांनंतर

जानेवारीत जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून कळलावीच्या छापील चित्राचं हे सुटं पान घेतलं. रॉबर्ट वाइट या स्कॉटिश डॉक्टरने मद्रासेत १८३८ ते १८५३ या काळात सहा खंडांत वनस्पतींची दोन हजारांहून जास्त शिळाछाप (दगडावरून छापलेली) चित्रं प्रसिद्ध केली, त्यातलं. त्याच्यासाठी फुलं रेखाटणारे प्रमुख चित्रकार रुंगिया आणि गोविंदू. ऑर्किडच्या एका प्रजातीला (जीनसला) वाइटने गोविंदूचं नाव दिलं होतं, हे कळल्यापासून माझा या पानावर जास्तच जीव जडला.

रंग नाही, नुसती काळी शाई. घेताना हेच खटकलं होतं. कळलावी म्हटलं की पिवळा-लाल जाळ डोळ्यांपुढे येतो, तो गेल्यावर उरणार काय? उरते ती रेघ. पानाचं टोकच तणावा होऊन गोल वळलेलं, पाकळ्या उलट्या वर गेलेल्या, त्यांच्या कडा मुरडलेल्या. आणि स्त्रीकेसराचा दांडा बुडाशीच काटकोनात वळून आडवा बाहेर आलेला. ताम्हिणीत इतकी वर्षं हे फूल बघतेय, पण तो काटकोन मला या पानाने दाखवला. श्रावणात गेले तेव्हा वाकून खात्री करून घेतली.

पान अस्सल आहे का, असं बरेच जण विचारतात. भिंग लावून बघा. आजच्या छपाईत करडी छटा ठिपक्यांच्या जाळीने येते, इथे रेघ सलग आहे. चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढतात, दगड ओला करतात. ओल्या जागी छपाईची शाई धरत नाही. चित्र कोरलेलं नसतं, दगड सपाटच असतो; त्यामुळे तांब्याच्या कोरलेल्या पत्र्यावरून काढलेल्या छापाला पत्र्याच्या कडांनी उठते तशी दाबाची चौकट याला नसते. ती नाही म्हणून नकली समजू नका.

तक्रार आहे ती फ्रेमची. फ्रेमवाल्याने मागे साधा पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावली. जुलैच्या दमट हवेत कागद लाटांसारखा फुगला, तांबूस ठिपके उठले. मला रडू यायचं बाकी होतं. पुन्हा उघडून आम्लरहित माउंट बोर्ड घातला, कागद पिठाच्या खळीने फक्त वरच्या दोन टोकांना धरला, काच आणि चित्रात फट ठेवली. बाहेरच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर टांगलं. तेव्हापासून नवा ठिपका नाही.

कळीजवळचा एक ठिपका मात्र राहिलाय. तो काढायला देणार नाही; काढताना शेजारची रेघ गेली तर?