दोन स्पंजांचा फिल्टर : शिवणाच्या खोलीत सव्वा वर्ष

हा अडीचशे रुपयांचा फिल्टर मी सव्वा वर्ष रोज बघतेय, तेही चार फुटांवरून. माझं शिलाई मशीन खिडकीशी आणि डाव्या हाताला दोन फुटी फिश टँक. ब्लाउज न्यायला आलेल्या बायकांची पोरं काचेला नाक लावून उभी राहतात आणि तेवढ्या वेळात त्यांच्या आयांशी मापाचं बोलणं नीट होतं. टाकी खरं तर मुलाची. तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि गप्पी, मॉली माझ्या गळ्यात पडले. कुणी विचारलं तर मी अजून 'त्याचे मासे' असंच म्हणते.

आधी टाकीबरोबर आलेला मोटरवाला होता, ज्याला दुकानात पॉवर फिल्टर म्हणतात. पाण्यात बुडवायचा, आत पंखा, पंख्यावर डबी, डबीत स्पंज. पाणी काचेसारखं करायचा, खोटं कशाला बोलू. पण गप्पीची पिल्लं त्याच्या फटींतून आत ओढली जायची. मी फ्रॉकला लावतात त्या कॅनकॅन नेटची टोपी शिवून त्याला घातली. पिल्लं वाचली; टोपी मात्र दर चार दिवसांनी चोंदायची.

तो बदलायची वेळ आली माझ्याच हातून, आणि ते सांगितल्याशिवाय नव्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. स्टेशनाजवळच्या एका दुकानदाराने सांगितलं, "ताई, महिन्यातून एकदा सगळं काढून नळाखाली धुवा. स्पंज पांढराशुभ्र झाला पाहिजे." मी शर्टाची कॉलर ब्रशने घासणारी बाई. स्पंज घासला, आतल्या सिरॅमिकच्या रिंगा उकळत्या पाण्यातून काढल्या, कोळशाची पिशवी नवी घातली. टाकी अशी दिसत होती की शेजारीण मुद्दाम बघून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, पर अंगाला चिकटवलेले, दाण्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पाणी अजूनही काचेसारखंच.

माझा भाचा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. तो थेंबांची तपासणी घेऊन आला. छोट्या नळीत टाकीचं पाणी, त्यात थेंब, पाच मिनिटं थांबायचं. रंग पिवळा राहायला हवा होता, झाला हिरवा. अमोनिया. "मावशी, तू घाण धुतली नाहीस, कामगार धुतलेस," म्हणाला. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, उरलेला दाणा आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. स्पंजावर जो तपकिरी बुळबुळीत थर बसतो त्यात जिवाणू असतात. नायट्रोसोमोनाससारखे काही त्या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, माशाच्या रक्तातून प्राणवायू वाहून नेण्याचं कामच ते बिघडवतं. मग नायट्रोस्पायरासारखे दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, दर आठवड्याला पाणी बदललं की निघून जातं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घातलाच आहे जंतू मारायला, तो आपले-परके बघत नाही. मी तर वर उकळतं पाणी ओतलं होतं. तीन मॉली आणि सहा गप्पी गेले. उरलेल्यांना आठवडाभर दाणा जवळजवळ बंद आणि रोज एक तृतीयांश पाणी बदल, तेव्हा सावरले.

पुढच्या वेळी अस्तरं आणायला मंगळदास मार्केटला गेले तेव्हा समोर क्रॉफर्ड मार्केटात जाऊन हा घेतला. दोन काळे स्पंज, प्रत्येक साधारण मुठीएवढा, मधल्या प्लॅस्टिकच्या नळीला दोन बाजूंना खोचलेले. सोबत साडेतीनशेचा एअर पंप. बदलापूरपर्यंत पिशवी मांडीवर, अस्तरांच्या वर.

कसं चालतं ते एवढंसंच आहे. पंपाची हवा नळीच्या तळाशी सुटते, बुडबुडे वर चढताना पाणी सोबत घेऊन जातात, आणि त्या जागी येणारं पाणी स्पंजातून गाळून यावं लागतं. पाण्यात वीज नाही, पंखा नाही, आत अडकायला केस-दोरा नाही. पंप तीन वॉटचा, म्हणजे अखंड चालवून महिन्याला दोन युनिटांच्या जरा वर. पिल्लं ओढली जात नाहीत. उलट स्पंजावरच चरत बसतात.

पहिल्या दिवशी मला वाटलं फसवलं. पाण्यात सोडला तर बुचासारखा वर. कोरड्या स्पंजात हवा भरलेली असते. पाण्याखाली धरून दहा-बारा वेळा दाबला तेव्हा बसला. आणि जुना मोटरवाला लगेच काढू नका. मी दोन्ही महिनाभर एकत्र चालवले, नव्यावर थर धरल्याची खात्री झाली, मगच मोटर काढून कपाटात टाकली.

धुण्याची पद्धत आता अशी. रविवारी टाकीतून एक बादली पाणी काढते. माझ्या टाकीत खडी धरून जेमतेम पन्नास लिटर पाणी, त्यातलं पंधरा. त्याच बादलीत एक स्पंज, एकच, चार-पाच वेळा पिळायचा. पहिल्या पिळण्याला काळपट चहा निघतो, चौथ्याला फिका. तिथे थांबायचं. हात शिवशिवतो आणखी पिळायला, माझा तरी, पण थांबायचं. दुसरा स्पंज पंधरा दिवसांनी. दोन स्पंज असण्याचा फायदा हाच, एक नेहमी भरल्या संसाराचा राहतो. बादलीला वास घेऊन बघा. पहिल्या पावसाच्या मातीसारखा आला तर उत्तम. नासक्या अंड्यासारखा आला तर आत हवा पोचत नाहीये, पिळायला उशीर झालाय. ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला घालते. कढीपत्ता माझ्याकडे असा आहे की मजल्यावरचे सगळे तोडून नेतात.

नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं असतं. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा भपकारा यायला लागला की अँटी-क्लोरीनचे थेंबही घालते.

आता तक्रारी.

दिसायला कुरूप आहे. काळा ठोकळा टाकीच्या कोपऱ्यात, पुढे कितीही रोपं लावा, दिसतोच. काचेला चिकटवायचं रबर दोन महिन्यांत कडक होऊन सुटलं. मी खडीत एक दगड टेकवून ठेवलाय. पाणी मोटरइतकं लखलखीत होत नाही, उन्हाच्या तिरिपीत बारीक कण तरंगताना दिसतात. माशांना त्याचं काही नाही. पाणी लखलखीत असूनही नऊ मासे जाताना मी बघितलेत, त्यामुळे मलाही आता नाही. गोल्डफिश पाळत असाल तर मात्र याच्या भरवशावर राहू नका, ते घाण फार करतात.

पंपाचा घुर्र आवाज आहे. मशीन चालू असताना कळत नाही, रात्री कळतो. खाली फोमचा जुना शोल्डर पॅड ठेवला, निम्मा झाला.

सहा महिन्यांनी बुडबुडे मंदावले. मला वाटलं स्पंज चोंदला. पिळून झाला, तरी तेच. पंप उलटा केला तर बुडाशी हवा ओढायच्या भोकावर बोटाच्या पेराएवढा नमदा असतो, तो रंगीबेरंगी झालेला! माझ्या खोलीतला सगळा दोरा-भुसा त्याने ओढून घेतला होता. शाळेच्या गणवेशाचा निळा, कुणाच्या तरी लग्नाचा लाल. टोकाच्या सुईने उपसला, बुडबुडे परत जोरात. शिवणकाम नसेल तर तुमच्याकडे घरातली धूळ हेच करेल. तेही करून फरक नसेल तर आतला रबरी पडदा फाटलेला असतो, तो सुटा मिळतो, अख्खा पंप घेऊ नका.

आणि पंप टाकीच्या पाण्यापेक्षा वर ठेवा. मी खाली, मशीनच्या पायट्याशेजारी ठेवला होता. जुलैत रात्री वीज गेली, हवेचा दाब गेला, आणि टाकीतलं पाणी त्याच बारीक नळीतून उलटं उतरून पंपातून जमिनीवर. सकाळी टाकी चार बोटं कमी आणि खाली ठेवलेला पैठणीच्या ब्लाउजचा पीस भिजलेला. गिऱ्हाइकाला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. वीस रुपयांचा एकमार्गी व्हॉल्व्ह नळीत बसवला की हे होत नाही. त्यावरचा बाण पंपाकडून टाकीकडे असायला हवा. मी पहिल्यांदा उलटा बसवला होता.

वीज जाण्यावरून एक. मोटरवाला बंद पडला की डबीतल्या कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि थर मरायला लागतो. स्पंज टाकीत उघडाच असल्याने जास्त तग धरतो. आमच्याकडे पावसात तीन-चार तास सहज जातात, तेव्हा पॉवर बँकेवर चालणारा लहान पंप त्याच नळीला जोडते. मासे खाली शांत फिरत असतात, मी वर मेणबत्तीत हेमिंग करते.

पाचपैकी चार. एक तारा सुट्या स्पंजासाठी कापला. यातला एक आता मऊ पडलाय, पिळल्यावर फुगत नाही. स्पंजाच्या भोकासाठी नळीला दोरा गुंडाळून माप घेतलं, गाठ मारून दुकानात नेलं, दुकानदाराने "हाच बसेल ताई" म्हणून दिलाही. घरी आणला तर अर्धा सूत सैल. तीस वर्षं मापं घेतेय मी.