उपवासकाळाआधीचा एक दिवस: १२० रुपयांच्या साधनेचा अनुभव

पंचवीस वर्षं मी मालगाडीवर गार्ड आहे. पदाचं नाव आता ट्रेन मॅनेजर झालंय, पण भुसावळात अजून सगळे गार्डच म्हणतात. या नोकरीत आम्हा ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ कधी नीट सुरूच व्हायचा नाही. पहिल्या दिवशी, कपाळाला राख लावतात त्या राखेच्या बुधवारी, मी खंडव्याच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीगृहात असायचो, नाहीतर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेच्या वेळेला यार्डात. भानावर येईपर्यंत ईस्टरच्या आदला, झावळ्यांचा रविवार दारात.

आमच्याच भागातल्या एका धर्मग्रामाने (चर्चच्या पॅरिशने) यंदा, २०२६ साली, १५ फेब्रुवारीला, म्हणजे राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी, दिवसभराची साधना, म्हणजे प्रार्थना आणि मौनाचं शिबिर ठेवलं होतं. रेस्ट जोडून घेतली आणि मी आणि बायकोने नावं नोंदवली. माणशी १२० रुपये, त्यात दोनदा चहा, जेवण आणि एक छापील कार्ड. सकाळी ९ ते ५, शेवटी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. कॅथोलिक चर्चचा नाशिक धर्मप्रांत १९८७ साली झाला, जळगाव, धुळे, नंदुरबार त्यातच येतात, पण मी आजवर केलेल्या दोन्ही साधना नाशिकला जाऊन केल्या होत्या. इथे घरून निघालो आणि अर्ध्या तासात पोहोचलो.

त्या दिवशी महाशिवरात्र होती. शेजारच्या काकू भगर निवडत बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "तुमचाबी उपास का आज?" बायको म्हणाली, "आमचा बुधवारपासून, काकू." त्याच आठवड्यात रमजानही लागणार होता. एकाच गल्लीत तीन घरांचे उपास, याचं मला फार बरं वाटलं.

सगळ्यात आधी राखेबद्दल सांगतो, कारण नुसतं त्यासाठीही मी पुन्हा जाईन. नोंदणी करतानाच सांगितलं होतं की गेल्या वर्षीच्या झावळ्या घरून आणा. आमच्या घरच्या, १३ एप्रिलला आशीर्वादित झालेल्या, शिंदीच्या होत्या. वर्षभर दारावरच्या क्रुसामागे खोचून वाळून कडक झालेल्या. अंगणात लोखंडी घमेल्यात सगळ्यांच्या झावळ्या पेटवल्या. जाळ भडकतो आणि दोन मिनिटांत बसतो. मग वर झाकण ठेवून विझवायचं. जे काळं उरतं ते खलबत्त्यात कुटायचं, पिठाच्या चाळणीतून काढायचं आणि पुन्हा सुती फडक्यातून गाळायचं. चाळणी माझ्याकडे होती. पोतंभर झावळ्यांची राख शेवटी एका वाटीत मावली. आजवर ही राख कपाळावर घेताना ती कुठून येते हे मला माहीत होतं, पण हात कधी लागला नव्हता. बोटांच्या रेघांमध्ये बसलेला तो काळेपणा जेवायला बसेपर्यंत गेला नाही.

बोलणारे फादर थोडक्यात बोलले, हे त्यांचं मोठेपण. ज्यांना उपवासकाळाच्या चाळीस दिवसांचा हिशेब लागत नाही त्यांच्यासाठी कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं: १८ फेब्रुवारी ते पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या दिवशी ४ एप्रिलपर्यंत दिवस ४६, त्यातले ६ रविवार वजा केले की ४०. उपवासाचे नियम दोन मिनिटांत आटोपले. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोन दिवस एकवेळ पोटभर जेवण, मांस नाही. उपवास १८ ते ५९ वयाच्यांना, मांसत्याग १४ वर्षांपासून पुढे. मग त्यांनी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय उघडला. देवाला आवडणारा उपवास कोणता? भुकेल्याला आपल्या भाकरीतली द्यावी, उघड्याला पांघरूण द्यावं आणि आपल्याच हाडामांसाच्या माणसाला तोंड चुकवू नये. एवढं वाचून ते खाली बसले आणि आम्हाला दीड तास मौनात बाहेर पाठवलं.

हातात ते कार्ड होतं. प्रार्थना, उपवास, दान असे तीन रकाने आणि प्रत्येकाखाली दोनच प्रश्न: कधी? कोणासाठी? "जास्त प्रार्थना करीन" असं लिहायचं नाही, वेळ आणि जागा लिहायची, असं बजावलं होतं. मी कडुनिंबाखाली बसलो. भिंतीपलीकडे केळीच्या बागेत घड उतरवणं चाललं होतं. लांबून मालगाडी गेली आणि मी सवयीने आवाजावरून डबे मोजू लागलो, मग थांबलो. प्रार्थनेपुढे लिहिलं: रनिंग रूम, झोपण्याआधी, जपमाळ. दानापुढे रक्कम. उपवासाच्या रकान्यात दरवर्षीसारखी तंबाखू लिहायला गेलो आणि "कोणासाठी" या शब्दावर पेन अडलं. नगरकडच्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी तीन वर्षं बोलणं बंद आहे. त्याचं नाव लिहिलं.

आता जे खटकलं ते. दुपारी पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती, तुपाची धार सढळ. चव उत्तम, पण त्यानंतर २ वाजता ध्यान ठेवणं चुकीचं आहे. निम्मा हॉल पेंगत होता. साधी खिचडी किंवा कळण्याची भाकरी-ठेचा पुरला असता. दुसरं, नंदुरबारकडून पावरी बोलणारी काही मंडळी आली होती आणि सगळं पुस्तकी मराठीत चाललं होतं. एक आजी शेजारच्या सिस्टरकडून कानात समजून घेत होत्या. एवढ्या लांबून आलेल्यांसाठी निदान एक वाचन त्यांच्या भाषेत हवंच. तिसरं, पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपाशी एकेकट्याने पापं कबूल करायला, साठेक माणसं आणि फादर दोनच. मिस्सेची वेळ झाली आणि दहा-बारा जण तसेच राहिले. ज्यासाठी माणूस दिवसभर मन तयार करतो तेच हुकलं, हे मला लागलं. आणखी दोन फादर बोलवा, नाहीतर सकाळपासूनच बसा.

तरीही ज्यांची ड्यूटी पाळीची आहे, ज्यांना रोज चर्चला जाणं जमत नाही, त्यांनी हा दिवस करावाच. १८ तारखेला मी ड्यूटीवरून उतरून गणवेशातच संध्याकाळच्या मिस्सेला पोहोचलो. "तू माती आहेस आणि मातीला मिळशील," असं म्हणत फादरांनी राख लावली, आणि त्यात आमच्या दारावरची झावळीही होती. शुक्रवारी मिस्सेत यशयाचा तोच अध्याय वाचला गेला. रात्री भावाला फोन लावला. पहिली रिंग पूर्ण वाजली, दुसऱ्या वेळी त्याने उचलला. चार-पाच मिनिटं बोललो, बहुतेक आईच्या गुडघ्याबद्दल. कार्डावर त्या नावापुढे मी आता दर शुक्रवार लिहिलाय.

२९ मार्चला झावळ्यांचा रविवार आहे. पुढच्या वर्षी जाणार असाल तर त्या दिवशीच्या झावळ्या टाकून देऊ नका, जपून ठेवा. आणि जाताना गडद रंगाचे कपडे घाला, राख उडते.