‘ब्लू मंडे’ की ‘धिस चार्मिंग मॅन’?

भाचा ऐंशीच्या दशकातल्या सिंगल्सची, म्हणजे सुट्या रेकॉर्डवर आलेल्या गाण्यांची, यादी करतोय. पहिल्या जागेवर अडलाय. दोन्ही गाणी मँचेस्टरची, दोन्ही १९८३ची.

न्यू ऑर्डर या बँडचं ‘ब्लू मंडे’ साडेसात मिनिटांचं, बारा इंची रेकॉर्डवर आलेलं. ड्रम मशीनचा ठोका, मग सिंथेसायझर, आणि गायकाचा आवाज यायला दोन मिनिटं उलटतात. पीटर हूकची बास गिटार घुसते तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो. स्मिथ्स या बँडचं ‘धिस चार्मिंग मॅन’ तीन मिनिटांच्या आत संपतं. जॉनी मारची गिटार सुरुवातीलाच झुळझुळते. शब्दांत स्मिथ्सचा गायक मॉरिसी कितीतरी सरस.

शंभरदा ऐकून शिळं न होणारं मात्र ‘ब्लू मंडे’च, म्हणून माझा पहिला क्रमांक त्याला. नाचायला किंवा रात्री हेडफोन लावून बुडून जायला तेच घ्यावं. गुणगुणायला, गिटारवर बोटं बसवायला स्मिथ्स.