कोबी, खार की कांजी? भाज्या आंबवायला शिकताना पहिली बरणी कशाची भरावी

घरी भाज्या आंबवायच्या म्हटलं की बहुतेक जण पहिल्या झटक्यात कोबी आणतात. आपल्या हवेत मी तरी कोबीने सुरुवात करा असं सांगणार नाही.

चवीत मात्र कोबीचा हात कुणी धरणार नाही. एक किलो कोबी बारीक चिरायचा, 20 ग्रॅम मीठ लावून परातीत चोळायचा. दहा मिनिटांत तो मऊ पडतो, मूठ आवळली की बोटांच्या फटींतून पाणी गळू लागतं. तेवढ्याच पाण्यात तो मुरतो. बरणीत दाबून भरायचा, वर त्याचंच एक अख्खं पान, त्यावर वजन. जर्मन साउअरक्राउट असंच होतं, पण त्याला 18 ते 20 अंशांच्या थंडाव्यात तीन-चार आठवडे मिळतात. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू काम करतात, आंबटपणा वाढला की लॅक्टोबॅसिलस पुढे येतात. चव या सावकाश बदलातून येते. विदर्भातल्या मे महिन्यात हे सगळं घाईत उरकतं. कोबी आंबट होतो, पण लिबलिबीत पडतो. म्हणून तो डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवा.

मिठाच्या पाण्यातल्या, म्हणजे खारातल्या भाज्या करायला सगळ्यात सोप्या. गाजर, मुळा, फ्लॉवर यांना लिटरभर पाण्यात 30 ते 35 ग्रॅम मीठ पुरतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून पाणी उकळून गार करून घ्या. लसूण आणि हिरवी मिरची हवीच, नाहीतर चव सपक लागते. कोकण-गोव्यात मिठात घातलेल्या कैऱ्या याच्याच नात्यातल्या वाटतात, पण तिथे मीठ कितीतरी जास्त असतं. कैरी पावसाळ्यासाठी टिकवणं हा तिथला मुख्य हेतू.

आणि कांजी, म्हणजे गाजराचं आंबवलेलं पेय. उत्तर भारतात ती थंडीत काळ्या गाजरांची करतात. आपल्याकडे लाल गाजर आणि थोडं बीट घेतलं तरी छान होते. लिटरभर पाणी, पाव किलो भाजी, 20 ग्रॅम मीठ, दोन चमचे कुटलेली मोहरी, थोडं तिखट. तोंडाला दादरा बांधून बरणी उन्हात ठेवा, रोज स्वच्छ चमच्याने हलवा. तीन ते पाच दिवसांत तयार. नवशिक्याने पहिली बरणी हिचीच भरावी असं मला मनापासून वाटतं, कारण रोज घोटभर चाखता येतं आणि खारट पाणी आंबट कसं होत जातं ते जिभेला कळतं. पुस्तक वाचून हे येत नाही. टिकायला मात्र ती कमी. झाली की फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावी.

काहीही निवडलंत तरी मीठ वजनकाट्यावरच मोजा. खडेमीठ आणि बारीक मीठ यांचा चमचा सारखा भरत नाही. रक्तदाब आहे म्हणून बरणीतलं मीठ कमी करू नका, ताटातली फोड कमी करा. मीठच नको त्या जिवाणूंना सुरुवातीला रोखून धरतं. कोबी आणि खारातल्या भाज्या कायम पाण्याखाली राहिल्या पाहिजेत. झाकण घट्ट असेल तर रोज एकदा सैल करून वायू जाऊ द्या. वर पातळ पांढरी साय आली तर काढून टाका. हिरवी, काळी किंवा गुलाबी केसाळ बुरशी दिसली, तर वरचा थर काढून भागत नाही. अख्खी बरणी टाकून द्या.