लाकडी पट्ट्यांचे ब्लाइंड्स: खरं लाकूड घ्यावं की नकली?

कापडी पडदे की ब्लाइंड्स, या वादात मी पडत नाही. तो वाद घरोघरी आधीच होऊन गेलेला असतो. खरी पंचाईत त्याच्या पुढची. दुकानदार दोन नमुने समोर ठेवतो. दोन्ही पट्ट्या ५० मिमी रुंद, दोन्ही अक्रोडी रंगाच्या, आणि हातभर लांबून बघितलं तर खऱ्या लाकडाची कुठली आणि पीव्हीसीची कुठली हे चटकन ओळखू येत नाही. ज्याला 'फो वुड' म्हणतात ते हे दुसरं. विकणारे त्याला प्लास्टिक कधीच म्हणत नाहीत. मी आपलं सरळ नकली म्हणतो, त्यात हिणवण्याचा हेतू नाही.

आमच्या घरात सहा वर्षांपूर्वी एकदमच दोन्ही आले. बसायच्या खोलीत खरं लाकूड, आणि झोपायच्या खोल्यांत, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात नकली. हिशोब साधा होता: पाहुणे बसतात तिथे लाकूड, आत कोण बघतंय? हा हिशोब किती चुकला ते पुढे येईलच.

दिसण्याचं आधी उरकतो. नवे असताना नकलीत फारसं काही वावगं दिसत नाही. पांढऱ्या रंगात तर मलाही फरक कळत नाही, आणि पांढरेच घ्यायचे असतील तर दिसण्यासाठी खऱ्या लाकडाचा आग्रह धरू नये असं माझं मत आहे. लाकडी रंगात मात्र एक गंमत होते. आजारी पडून चार दिवस झोपायच्या खोलीत, नकली पट्ट्यांसमोर, पडून होतो तेव्हा माझ्या लक्षात आलं की वरून दुसऱ्या पट्टीवर जी बदामाच्या आकाराची गाठ छापलेली आहे, तीच सहाव्या पट्टीवर आहे, आणि तीच दहाव्या. एकदा दिसली की दिसतच राहते. खऱ्या लाकडात उलट तक्रार: दोन पट्ट्यांचा रंग एकसारखा नसतो, आणि खिडकीच्या बाजूचा रंग उन्हाने उतरतो. माझ्या बसायच्या खोलीतल्या पट्ट्या बाहेरच्या अंगाने आता चांगल्याच फिक्या झाल्या आहेत. मला ते खटकत नाही, कुणाला खटकू शकेल.

ऊन आणि दमटपणा यांबद्दल दुकानात एकच पाठ म्हटला जातो: लाकूड वाकतं, नकली वाकत नाही. हे निम्मं खरं आहे. लाकूड ओल शोषतं आणि रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पट्टी लांब होऊन चौकटीला घासत नाही, पण तिची एक बाजू जास्त भिजली तर पीळ पडतो. दोरीसाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडा बघून घ्या. तिथे रंग किंवा वार्निश पोचलेलं नसेल तर ओल तिथूनच शिरते. नमुन्याची पट्टी हातात आली की मी आता आधी भोकात डोकावतो.

नकलीला ओलीचं काही नाही, पण उन्हाचं आहे. दीड मीटर लांबीची पीव्हीसीची पट्टी ३० अंशांनी तापली की दोन-तीन मिलिमीटर वाढते. चौकटीच्या आत अगदी घट्ट मापाने बसवली असेल तर तेवढ्यानेही टोकं घासू लागतात. लाकूड त्याच उन्हात पाव मिलिमीटरही वाढत नाही. पीव्हीसी मऊ पडायला लागतं ८० अंशांच्या आसपास. खोली काही तेवढी तापत नाही, पण बंद तावदान आणि गडद रंगाची पट्टी यांच्यामध्ये कोंडलेली हवा आपल्या कल्पनेपेक्षा बरीच गरम असते. शिवाय स्वतःच्या वजनाने महिनोन्‌महिने लोंबकळणाऱ्या पट्टीला पूर्ण मऊ पडायची गरजही नसते. आमच्या पश्चिमेच्या खिडकीतल्या नकली पट्ट्यांची टोकं दोन वर्षांत, मिशी उतरावी तशी, दोन्हीकडून खाली आली. मधला भाग सरळ, कारण तिथे दोऱ्यांचा आधार होता. शेवटच्या दोरीच्या पलीकडचा वीतभर भाग तेवढा झुकला. नकलीच घेणार असाल तर दोरीच्या शिड्या, म्हणजे पट्ट्या ज्यांच्या पायऱ्यांवर टेकलेल्या असतात त्या, एखादी जास्त मागून घ्या, आणि शेवटची शिडी टोकाच्या जितकी जवळ येईल तितकी बरी.

पण एवढ्याने माझं मत फिरलं नव्हतं. मिशा खाली आल्या तर येऊ देत, खिडकी झाकली जात होती.

मत फिरलं ते वजनामुळे. पट्ट्या फिरवून उजेड कमी-जास्त करताना वजन कळतच नाही, काठी दोन बोटांनी फिरते. दुकानात आपण नेमकं तेवढंच करून बघतो. नमुन्याचा ब्लाइंड असतो दोन फूट रुंद, तो वर ओढून बघितला तरी काही जाणवत नाही. घरच्या खिडकीचा दीड मीटर रुंद, दीड मीटर उंच. तो पूर्ण वर घ्यायचा म्हणजे सगळ्या पट्ट्या एकीवर एक गोळा करत न्यायच्या, आणि जसजसा वर जाल तसतसं ओझं वाढत जातं, कारण दर पट्टीगणिक शिडीवरचा भार दोरीवर येतो. शेवटच्या हातभराला दोरी बोटांत रुतते. मध्येच दम घ्यायला थांबावं तर वरचा खटका कधी धरतो, कधी धरत नाही. धरला नाही की सगळा डोलारा खाडकन कट्ट्यावर. आणि दोन दोऱ्या सारख्या ओढल्या गेल्या नाहीत की ब्लाइंड एका खांद्याने वर चढतो. मग पुन्हा तळापर्यंत सोडा, दोऱ्या सारख्या करा, पुन्हा ओढा.

मला हे जमत होतं. आईला नव्हतं. तिचा उजवा खांदा आखडलेला, हात डोक्याच्या वर जात नाही. ती तक्रार करणाऱ्यांतली नाही. तिने आपला मार्ग काढला: ब्लाइंड वर घ्यायचाच नाही. सकाळी पट्ट्या आडव्या करायच्या, उजेड आला, झालं. पण खिडकीची कडी पट्ट्यांच्या मागे. पट्ट्यांतून हात घालून ती निघत नाही, म्हणून तावदानही उघडेनासं झालं. तिच्या खोलीला एक कोंदट वास येऊ लागला तेव्हा मी आधी भिंतीत ओल शोधली, मग कपाट सरकवून बघितलं. शेवटी एका रविवारी ब्लाइंड वर ओढला, तर कट्ट्यावर बोटभर धूळ आणि तावदानाच्या खाचेत मेलेल्या माशा. "अगं, कधीपासून उघडली नाहीस?" म्हटलं. "तू घरी असलास की उघडतोस ना," म्हणाली. मी काही उघडत नव्हतो. मला वाटत होतं ती उघडते.

त्याच दिवशी तिला बसायच्या खोलीत नेलं आणि लाकडाचा ब्लाइंड ओढायला सांगितला. खिडकी त्याच मापाची. डाव्या हाताने, कोपर अंगाशी ठेवून, तिने तो वरपर्यंत नेला. मी वजनकाटा आणला नाही, त्याची गरजही वाटली नाही.

यामागचं कारण फार खोलात जाण्यासारखं नाही. या पट्ट्यांना सागवान किंवा शिसव वापरत नाहीत. बासवूड किंवा पाऊलोनिया अशी हलकी लाकडं असतात. वाळलेलं पाऊलोनिया घनमीटरला जेमतेम २८० किलो भरतं, बासवूड ४०० च्या आसपास, सागवान साधारण ६५०. भरीव पीव्हीसी १,४०० च्या घरात जातं. नकली पट्ट्यांत पुष्कळदा ते फुगवून, आतून फेसाळ करून वापरतात, म्हणून प्रत्यक्षात इतकं अंतर राहत नाही, पण ताठपणासाठी पट्टी जाड करावी लागते आणि वाचवलेलं वजन पुन्हा परत येतं. लाकडातही निवडायला मिळालं तर मोठ्या खिडकीला पाऊलोनिया बरं. ते मऊ असतं, नखाने ओरखडा पडतो, पण ब्लाइंडला नखं लावायला कोण जातंय?

अरुंद खिडकीला, म्हणजे दोन-अडीच फुटांपर्यंत, हा सगळा मुद्दा बाद समजा. तिथे नकली ओढायला काही त्रास नाही. तसंच तुम्ही ब्लाइंड वर घेणारच नसाल, नुसत्या पट्ट्या फिरवणार असाल, तरी बाद. फक्त आईची खिडकी आठवा.

दोरीशिवायचे ब्लाइंड्सही मिळतात. खालची पट्टी धरून ढकलायची, आत स्प्रिंग असते. घरात लहान मूल असेल तर दुसरा विचारच करू नका. लोंबत्या दोरीच्या फासात मान अडकून मुलं दगावली आहेत, हा धोका कागदावरचा नाही. दोरीचेच असतील तर भिंतीवर उंच आकडा ठोकून दोरी त्याला गुंडाळून ठेवायची, आणि पाळणा किंवा पलंग खिडकीखाली ठेवायचा नाही. स्प्रिंगच्या प्रकारातही नकलीचं वजन आडवं येतंच. स्प्रिंग तेवढ्या ताकदीची लागते, म्हणून खाली ओढायलाही जोर लागतो.

पट्टीच्या रुंदीबद्दल थोडं. मी ५० मिमीच घ्या म्हणेन, आणि तेही दिसण्यासाठी नाही. दीड मीटर उंचीला ५० मिमीच्या सुमारे ३४ पट्ट्या लागतात, २५ मिमीच्या ७० च्या आसपास. पट्टीची जाडी तीन मिलिमीटर धरली तर वर गोळा केल्यावर पहिल्याचा गठ्ठा दहा सेंटिमीटर आणि दुसऱ्याचा एकवीस. एवढी खिडकी कायमची झाकली गेली, वरचा खोका वेगळाच. पुसायच्या पट्ट्या दुप्पट हेही आलंच. फक्त ५० मिमीला चौकटीत खोली जास्त लागते. खिडकीचा दांडा आत किती येतो ते बघा, नाहीतर दोन पट्ट्या कायम त्या दांड्यावर अडून तिरक्या राहतील.

झोपायच्या खोलीसाठी आणखी एक. पट्ट्या पूर्ण मिटल्या तरी दोरीच्या भोकांतून उजेड येतोच. माझ्या उशीवर सकाळी उन्हाचा एक ठिपका पडायचा, आणि तो हळूहळू सरकत बरोबर डोळ्यावर यायचा. दोरीच्या शिडीऐवजी कापडी फीत घेतली की भोकं झाकली जातात. फितीवर धूळ बसते आणि थोडं बोजड दिसतं, पण झोप लागते. हे दोन्ही प्रकारांना सारखंच लागू.

धुळीबद्दल जे ऐकलं असेल ते खरं आहे, दोन्हीवर बसते. प्लास्टिकवरची जरा चिकटून बसते असा माझा अनुभव आहे. जुना मोजा हातात घालून पट्टी दोन्ही बाजूंनी एकदम पुसायची, यापेक्षा सोपी युक्ती मला सापडलेली नाही.

नकलीची बाजू घ्यायची तर स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. ओट्याजवळच्या खिडकीत तेलकट थर बसतो, तो साबणाच्या पाण्याशिवाय निघत नाही, आणि लाकडाला ते पाणी सोसत नाही. तिथे माझ्याकडे अजून नकलीच आहेत, आणि तिथून ते हलवायचा विचारही नाही. किमतीत ते बहुधा स्वस्त पडतात, हेही काही थोडं नाही. भाड्याच्या घरात मी कदाचित सगळीकडे तेच लावले असते.

दुरुस्ती दोन्हीकडे सारखीच सोपी आहे, पण करतं कुणी नाही. खालच्या जाड पट्टीच्या बुडाला प्लास्टिकची बुचं असतात. ती काढली की आत दोरीच्या गाठी दिसतात. गाठ सोडून दोरी वर खेचून घ्यायची, मग हवी ती पट्टी शिडीतून बाजूला सरकवून काढता येते. ब्लाइंड लांब झाला असेल तर तळाच्या दोन-चार पट्ट्या याच रीतीने कमी करता येतात. त्या टाकून देऊ नका, पुढे-मागे बदलायला होतात.

आईच्या खोलीत आता लाकूड आहे, फितीचं. गेल्या वर्षी तिने खिडकी उघडी ठेवली आणि पाऊस आत आला, वरून तिसऱ्या पट्टीला पीळ पडला. ती मी काढून उलटी केली आणि सगळ्यात खाली बसवली. कट्ट्यावर तिच्या कुंड्या असतात, त्यांच्या आड ती दिसत नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही, नाहीतर ती पुन्हा खिडकी बंद ठेवायला लागेल.